पाहुणे येण्याआधी आपलं कोकण नीट लावून ठेवा

तुम्ही कोकणात राहता? मग कोकणातलं तुम्हाला काहीएक कळत नाही हे आधी मान्य करून टाका, पुढचं सगळं सोपं जाईल. मे महिन्यात नाहीतर पहिल्या पावसात तुमच्याकडे जे पाहुणे येणार आहेत ना, त्यांनी कोकण संपूर्ण बघितलेलं आहे, सीरियलमध्ये बघितलंय, रील्समध्ये बघितलंय, आणि तो ड्रोनवाला व्हिडिओ असतो ज्यात सिंधुदुर्ग किल्ल्यावरून कॅमेरा गोल फिरतो आणि मागे बासरी वाजते तो तर त्यांना पाठच आहे. तुम्ही काय, नुसते इथे जन्मलात आणि इथलं लाईटबिल भरता. तेव्हा गाडीतून उतरल्या उतरल्या पाहुणे "अरे, सेम तसंच आहे" असं म्हणाले पाहिजेत ही जबाबदारी तुमची. नाही म्हणाले तर चूक कोकणाची धरतात.

घरापासून सुरू करू. तुम्ही स्लॅब टाकलात ही घोडचूक, पण झालं ते झालं. का टाकलात ते मला माहितेय, वांदर कौलांवर नाचतात, शाकारायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी ऐकून आपणच शिडी लावावी असं वाटतं. पण रीलमध्ये वांदर नसतात. रीलमध्ये कौलांवरून पावसाची धार पडत असते आणि खाली एक मुलगी तळहात पुढे करून उभी असते. म्हणून पुढच्या पडवीपुरती तरी कौलं घाला, मागचं घर पत्र्याचं असो नाहीतर अजून काही, ते फ्रेममध्ये येत नाही. मिक्सर आत टाका, पाटा-वरवंटा बाहेर काढा. सिलिंडरवर गोधडी घाला आणि परसात चूल मांडा, तिच्यावर काही शिजलं नाही तरी चालेल पण धूर निघाला पाहिजे.

आणि म्हातारी लागते. बिनम्हातारीच्या घराला हल्ली कोकणातलं घर म्हणतच नाहीत. स्वतःची नसली तर शेजारून आणा, फक्त वेळ विचारून आणा, कारण संध्याकाळी सातनंतर कुठलीही म्हातारी मोकळी नसते, तिच्या सीरियल असतात. आमच्या वाडीत एका आजीला असंच गाऊन बदलायला लावून, नऊवारी नेसवून बिडाच्या तव्यासमोर बसवली होती. समोर रिंगलाईट, पाहुणा गुडघ्यावर बसलेला, "आजी थोडं हसा, आता पीठ घाला, आता परत हसा", आजी बिचारी हसतेय, पीठ घालतेय, पण सगळं लक्ष आतल्या टीव्हीकडे, आणि आंबोळी उलटताना एकदम ओरडली, "त्या सुनेन दुधात इख घातल्यान काय गे?" पाहुण्याने तो आवाज काढून टाकला आणि वर बासरी घातली. खरं तर अख्ख्या व्हिडिओत बघण्यासारखं तेवढंच होतं. जाताना आजीने त्याला थांबवून सांगितलं, टाकलंस काय माका लिंक धाड.

आता भुताचं बघू, ते फार महत्त्वाचं. २०१६ च्या फेब्रुवारीत 'रात्रीस खेळ चाले' ही भुताची सीरियल सुरू झाली, शूटिंग आपल्या सिंधुदुर्गातल्या आकेरी गावच्या वाड्यात, आणि लोक गाड्या भरभरून तो वाडा बघायला यायला लागले. त्याआधी आपल्याकडे भुतं नव्हती असं नाही, चिक्कार होती, पण त्यांना टायमिंगचा सेन्स नव्हता. वाटेवरचा देवचार, म्हणजे गावाची राखण करणारं भूत, वर्षातून एकदा राखण म्हणून कोंबडा मिळाला की खूश असायचा, ब्रेकच्या आधी प्रकट व्हायचं वगैरे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. सीरियलमधल्या अण्णा नाईकांनी ते सगळं व्यवस्थित लावून दिलं. पहिला सीझन सुरू झाला तो ते मेल्यापासून, २०१९ चा दुसरा सीझन मागचा काळ दाखवणारा म्हणून त्यात ते जिवंत, आणि २०२१ ला तिसऱ्यात भूत. एवढ्या बढत्या सरकारी नोकरीतसुद्धा मिळत नाहीत.

खरं सांगायचं तर पहिला सीझन मी चवीने बघायचो. मालवणी बोलणारा टीव्हीवर आला की तो नोकर असणार नाहीतर आचारी नाहीतर दारू प्यालेला, हे आपण लहानपणापासून बघत आलोय, इथे घरातली बरीचशी माणसं ती भाषा बोलत होती आणि त्याच भाषेत भांडत होती, रडत पण होती. त्यातल्या पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर संवादही लिहायचे, म्हणून असेल कदाचित, कानाला कुठे खटकायचं नाही. पण हे आपल्यात. पाहुण्यांसमोर असलं काही बोलू नका, त्यांना भूत हवंय. "तुमच्या घरात कधी काही जाणवलं का हो?" असं विचारलं की नाही म्हणायचं नाही. विहिरीकडे बघायचं, जरा जास्तच वेळ बघायचं, आणि "रातचो इषय नको" म्हणून आत निघून जायचं. पुढच्या वर्षी तीच माणसं अजून दोन फॅमिली घेऊन येतात. फारच खोदून विचारलं तर पांडूचं "इसारलंय", म्हणजे विसरलो, आहेच, ते लाईटबिलवाल्यालासुद्धा चालतं.

भाषेचंही तसंच. पाहुण्यांना मालवणी येते. त्यांना "येवा, कोकण आपलाच आसा" येतं आणि चार शिव्या येतात, त्यात भाषा संपली. तुम्ही घरात जे बोलता, म्हणजे पोराच्या ॲडमिशनबद्दल, सातबाऱ्यावरच्या सतरा नावांबद्दल, चुलत्याने कंपाउंड हातभर पुढे कसं सरकवलं त्याबद्दल, ती मालवणी चालत नाही. दर दोन वाक्यांमागे एक "मेल्या" टाका. गाऱ्हाण्याची, म्हणजे देवापुढे मोठ्याने मागणं मागतात त्याची, तर इतकी विनोदी रील्स झालीत, बॉससाठी गाऱ्हाणं, क्रशसाठी गाऱ्हाणं, आयपीएलमध्ये मुंबई जिंकायला गाऱ्हाणं, की मागे एकदा देवळात मानकरी खरंखुरं गाऱ्हाणं घालत होता, सगळे हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणत होते, आणि पाहुण्यांचा मुलगा बापाला म्हणाला, पप्पा हे काका एवढे फनी नाहीयेत. तेव्हा मानकऱ्यांना सांगून ठेवा, थोडं पंच घ्या म्हणावं.

तसे आपलेही स्टार होते हो. टिकटॉकवर वाडीवाडीत होते, कुणी काजूच्या झाडावर चढून डायलॉग मारायचं, कुणी म्हशीसमोर नाचायचं आणि म्हैस ज्या तुच्छतेने बघायची त्याला तोड नव्हती. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉक बंद केलं आणि एका रात्रीत सगळे बेकार. जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणलं, पण तिकडे जाईपर्यंत पोरांना कुणीतरी 'ॲस्थेटिक' नावाचं काहीतरी शिकवलं आणि म्हैस गेली. मला त्या म्हशीची अजून हळहळ वाटते. आता तीच पोरं सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, रेंज शोधत उभी असतात आणि खालच्या गावातला पाऊस स्लो मोशनमध्ये चढवतात, चढेपर्यंत पाऊस थांबलेला असतो.

मासे. पाहुणे जुलैत येणार, कारण जुलैत सगळं हिरवं असतं आणि धबधब्याचे व्हिडिओ चालतात. आणि त्यांना ताजी सुरमई हवी असणार, "आज सकाळी होडीतून आलेली". आता १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ, बोटी वर ओढून झापांनी झाकलेल्या असतात, हे शाळेतल्या पोराला पण माहीत आहे. पण सांगू नका. फ्रीजरमधली सुरमई काढा, केळीच्या पानावर ठेवा, वर कोकमाचं आगळ शिंपडा, शेजारी एक होडीचं वल्हं टेकवून ठेवा. पाहुणा माईक कॉलरला लावून "तर मित्रांनो" म्हणेल आणि घास तोंडात जायच्या आधीच डोळे मिटेल. डोळे आधी मिटतात, हे नीट बघा एकदा, चव नंतर लागते. मग मान दोनदा हलते, मग "एक नंबर". आम्ही खरी ताजी खातो ती ऑक्टोबरात, तेव्हा आम्ही बोलत नाही, काटा अडकेल म्हणून. बांगड्याच्या कालवणात तिरफळ, ते जीभ बधिर करणारं, दिसलं तर काढून ठेवा, मागे एकाने ते काळी मिरी समजून चावलं आणि त्याचा पुढचा व्हिडिओ मूकपट झाला.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ते ओढायची पण हौस असते सगळ्यांना. अख्खी वाडी दोन्ही टोकांना तासन् तास दोर ओढत असते, आणि पाहुणा येऊन "दादा, मी पण जरा" म्हणतो. द्या की. मागचं, ढिलं टोक द्या. पंधरा सेकंदं ओढेल, बायको शूट करेल, "मच्छिमारांच्या कष्टाला सलाम" असं लिहील आणि वाट्याचे मासे किती मिळणार ते विचारेल.

सगळ्यात जास्त व्ह्यूज कशाला आहेत सांगू? बुडालेल्या गाडीला. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी न्यायची नाही असा बोर्ड असतो, गाडी त्याच्याच शेजारून आत जाते, कधीकधी बोर्डासोबत सेल्फी काढून जाते. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, वाळू कशी डांबरी रस्त्यासारखी घट्ट वाटते, चाकांनी पाण्याचे फवारे उडतात, दार उघडं टाकून गाणं लावतात, नवरा बोनेटवर. तुम्ही माडाखाली बसून हे बघत असता, आणि तुमच्या आजोबांनी शिकवलेला हिशोब तुम्हाला येत असतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास, अष्टमीला सहाच्या सुमाराला, पुनवेला सव्वाअकराच्या आसपास, आणि पुनव-अवसेला उधाणाची भरती म्हणजे पाणी नेहमीपेक्षा वर येणार. आज पुनव आहे आणि दहा वाजलेत. सांगायला जाऊ नका. एकाला गेलो होतो सांगायला तर म्हणाला, "काका, फोर बाय फोर आहे." समुद्राला ते माहीत नसावं. आधी मागचं चाक रुततं, मग तो जोरात रेस करतो म्हणजे ते अजून रुततं, मग खाली उतरून हाताने वाळू उकरतो, मग एक लाट येऊन पायातली चप्पल घेऊन जाते आणि तेव्हा पहिल्यांदा गाणं बंद होतं. आता उठा. जेसीबीवाल्याचा नंबर फोनमध्ये 'अ' लावून सेव्ह करून ठेवलेला असावा, लिस्टीत वर येतो. भाव जेसीबीवाल्याला करू दे, तुम्ही मध्ये पडू नका, पाणी बोनेटपर्यंत आलं की भाव आपोआप ठरतो. आणि शूटिंग आडवं करा, उभं नको, चॅनेलवाल्यांना आडवं लागतं. रात्री नऊच्या बातमीत "कोकणात समुद्राचं रौद्ररूप" म्हणून लागेल, खाली लाल पट्टी, गाडीभोवती लाल गोल, आणि समुद्र आपला रोजचा, घड्याळ लावून आलेला आणि गेलेला.

हिवाळ्यात आलेच कुणी तर जत्रेला न्या, दशावताराला. पण दशावतारी नाटक कंपनीच्या मालकांशी आधी बोलून घ्या. प्रॉब्लेम असा आहे की सुरुवातीला आडदशावतारात संकासुर येतो, काळा पोशाख, लाल जीभ, धमाल, पाहुण्यांना हवा तो सगळा कंटेंट तिथेच मिळतो, मग ते फोन खिशात घालतात आणि खोलीवर झोपायला जातात. खरं आख्यान त्यानंतर सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. लिहिलेली संहिता नाही, राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहून जागेवर संवाद रचतायत, राणीचं काम करणाऱ्याने स्वतःचा रंग स्वतः लावलाय, पुढे बसलेली म्हातारी माणसं एखाद्या शब्दाला मान डोलावतायत आणि चुकीच्या शब्दाला खाकरतायत. हे तीस सेकंदांत बसत नाही. म्हणून मालकांना सुचवा की युद्ध आधी घ्या, संवाद कापा, आणि राक्षसाला मरताना कॅमेऱ्याकडे तोंड करून मरायला सांगा. मी सुचवून बघितलं. ते पेटीवाल्याला म्हणाले, "ह्येका जरा चाय दी रे", आणि माझ्याकडे पाठ करून मिशी चिकटवायला बसले.

बाकी जत्रेत गेलातच तर खाजं घेऊन या किलोभर. आल्याचं, गुळाचं, ओबडधोबड, फोटोत लाकडाच्या ढलप्यांसारखं दिसतं, त्यामुळे अजून कुणी त्याचं रील केलेलं मी तरी बघितलं नाही आणि भाव पण अजून माणसाला परवडेल असा आहे.