प्रेक्षकाला काय आवडतं, हे त्याला कधीही विचारू नका

सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी शोध लावायचाच असं ठरवून बसला असाल आणि नेमका कशाचा ते सुचत नसेल, तर सरळ मनोरंजनाकडे वळा. औषधात चूक झाली तर माणूस दगावतो, पुलाच्या गणितात झाली तर पूल पडतो. इथे फार तर कुणाची तरी संध्याकाळ फुकट जाते, आणि तीच संध्याकाळ तुमच्या डॅशबोर्डवर 'तीन तास गुंतलेला वापरकर्ता' म्हणून हिरव्या रंगात झळकते. इतका बिनधोक धंदा दुसरा नाही.

तर सुरुवातीलाच एक पथ्य पाळा. प्रेक्षकाला काय आवडतं, हे त्याला विचारायच्या भानगडीत पडू नका. विचारलं की माणसं फार सभ्य होतात. युद्धकैद्यांवरच्या गंभीर माहितीपटाला पाच तारे देतात आणि रात्री अकरा वाजता लावतात ते भलतंच. नेटफ्लिक्सने हा सभ्यपणा बरीच वर्षं सोसला आणि २०१७ साली तारे काढून टाकले. त्यांच्या जागी अंगठा आला, एक वर आणि एक खाली. सोबत आली जुळणीची टक्केवारी. '९७ टक्के जुळतं' म्हणजे कशाशी जुळतं, आणि उरलेले तीन टक्के कुठे अडलं, हे कुणी विचारायला जात नाही. तुमच्या शोधातही असा एक आकडा हवाच. फक्त शंभर दाखवू नका, लोकांना लगेच शंका येते.

आता ज्याच्यावर हा सगळा डोलारा उभा आहे त्याच्याकडे येऊ. 'पाहिलं' म्हणजे काय, हे ठरवायचा अधिकार स्वतःच्या हातात ठेवा. नाचता येईना अंगण वाकडं, हे जुन्या लोकांचं झालं. तुम्ही अंगण मोजायची पट्टीच बदला. नेटफ्लिक्सकडे २०१९ पर्यंत हिशेब असा होता, की सिनेमाचा किंवा मालिकेच्या एका भागाचा ७० टक्के हिस्सा पाहिला तर तो 'पाहिला'. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी भागधारकांना कळवलं, की यापुढे दोन मिनिटं पुरेत. दोन मिनिटं थांबला म्हणजे माणसाने तो सिनेमा जाणूनबुजूनच निवडला. नव्या मापाने आकडे साधारण ३५ टक्क्यांनी वाढतात, हेही त्याच पत्रात लिहून टाकलं होतं. या मोकळेपणाला दाद द्यायला हवी, कारण ते वाचूनही कुणाचं फारसं काही बिघडलं नाही.

पण दोन मिनिटांत होतं काय, तेही बघा. निर्मिती संस्थांची बोधचिन्हं एकामागून एक येऊन जातात. एक ड्रोन कुठल्यातरी शहरावरून फिरतो. कुणीतरी पाठमोरं चालत जातं. नाव येतं. तेवढ्यात तुमच्या लक्षात येतं, की आपल्याला हा नको होता, शेजारचा हवा होता. पण उशीर झालेला असतो, तुम्ही प्रेक्षक झालेले असता. पुढे नेटफ्लिक्सने एकूण तास मोजले, त्यानंतर तासांना सिनेमाच्या लांबीने भागायला सुरुवात केली. दर दोन-तीन वर्षांनी माप बदललं, की मागच्या यशाची यंदाच्या यशाशी तुलना करायची सोयच उरत नाही. ही क्लृप्ती वहीत लिहून ठेवा.

गाण्यांचं काम आणखी सोपं. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं, की एक स्ट्रीम पडली, म्हणजे गाणं एकदा ऐकल्याची नोंद झाली. एकतिसाव्या सेकंदाला गायिका काय करते, हा तिचा खासगी प्रश्न आहे. यूट्यूबवर २०१२ पर्यंत क्लिकला भाव होता, म्हणून बाहेरच्या चित्रात एक आणि व्हिडिओत भलतंच, असला माल आला. मग पाहण्याच्या वेळेला भाव आला, आणि दोन मिनिटांत उरकणाऱ्या गोष्टी दहा मिनिटं ताणल्या गेल्या. अशा वेळी तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगायचं, 'प्रेक्षकांना लांब व्हिडिओ आवडतात, असं आमच्या डेटातून दिसतं.' ही पट्टी आपणच लावली होती, हे त्या बैठकीत कुणाला आठवत नाही. आठवलंच कुणाला, तर त्याला पुढच्या बैठकीला बोलावू नका.

गणिताची धास्ती घेऊ नका. कुणाला काय सुचवायचं, यामागची मूळ कल्पना साधी आहे: ज्यांच्या आवडी आजवर तुमच्याशी जुळल्या, त्यांना पुढे जे आवडलं ते तुमच्या पुढ्यात टाकायचं. हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून संगणकावर चाललंय. तुम्ही फक्त ते पेटंटच्या भाषेत बसवायचं. 'शेजारणीने सांगितलं म्हणून मी ती मालिका लावली,' हे वाक्य घ्या आणि असं लिहा: 'एक संगणकाधारित पद्धत, जिच्यात किमान एका प्रोसेसरद्वारे पहिल्या वापरकर्त्याच्या पसंतीचा संच प्राप्त केला जातो, सदर संचाची दुसऱ्या वापरकर्त्याच्या पसंतीच्या संचाशी तुलना करून साम्यगुणांक काढला जातो, आणि सदर गुणांक पूर्वनिर्धारित मर्यादेपेक्षा अधिक असल्यास सदर मजकूर सदर दुसऱ्या वापरकर्त्याच्या उपकरणावर सादर केला जातो.' झाला पहिला दावा. दुसरा दावा: दावा १ मधील पद्धत, जिच्यात सदर उपकरण हा मोबाइल फोन आहे. तिसरा: जिच्यात सदर उपकरण हा टीव्ही आहे. वीस दावे बघता बघता होतात, शेजारणीला पत्ताही लागत नाही.

यात एक अडचण आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अ‍ॅलिस विरुद्ध सीएलएस बँक या खटल्यात सांगून टाकलं, की एखादी अमूर्त कल्पना साध्या संगणकावर चालवली म्हणून ती पेटंटयोग्य होत नाही. त्यानंतर सॉफ्टवेअरची बरीच पेटंटं न्यायालयात गडगडली. तुम्ही डगमगू नका. आकृतीत आणखी दोन चौकोन काढा, त्यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना टोक असलेला बाण काढा आणि वर 'न्यूरल' असं लिहा.

स्वतःचं डोकं फारच चालेनासं झालं, तर स्पर्धा जाहीर करा. ऑक्टोबर २००६ मध्ये नेटफ्लिक्सने जगाला आव्हान दिलं: आमच्या शिफारशींचं भाकीत १० टक्क्यांनी सुधारून दाखवा आणि १० लाख डॉलर घेऊन जा. सोबत १० कोटींहून जास्त रेटिंग्ज दिली, सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांची, १७,७७० सिनेमांवरची. हजारो चमू कामाला लागले. जवळजवळ तीन वर्षं जगातली हुशार माणसं दशांश चिन्हापुढच्या आकड्यांसाठी रात्री जागवत होती. शेवटी २००९ साली तीन चमूंनी हातमिळवणी करून १०.०६ टक्के गाठले. दुसऱ्या एका चमूचे गुण अगदी तेवढेच भरले, पण त्यांचा निकाल २० मिनिटं उशिरा पोचला. त्यांच्या वाट्याला टाळ्या आल्या.

आणि त्या विजयी गणिताचं पुढे काय झालं? वापरलंच नाही. पहिल्याच वर्षी हाती लागलेल्या दोन पद्धती कंपनीने कामाला लावल्या होत्या. शेकडो मॉडेलांची ती अंतिम मोट बसवायला जेवढा खटाटोप लागला असता, तेवढी सुधारणा पदरात पडत नाही, असं त्यांनी २०१२ मध्ये स्वतःच लिहिलं. शिवाय तोवर पोस्टाने डीव्हीडी धाडायचा धंदा मागे पडून सगळं थेट पडद्यावर आलं होतं. कुणाला किती तारे द्यावेसे वाटतील, या भाकिताला पूर्वीचा भाव राहिला नव्हता.

गोपनीयतेचं म्हणाल, तर त्या रेटिंग्जमधून ग्राहकांची नावं काढलेली होती. नाव काढलं की माणूस उरत नाही, ही आपल्या क्षेत्रातली फार जुनी श्रद्धा. टेक्सास विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की एखाद्याने दिलेली आठ रेटिंग्ज आणि त्यांच्या साधारण तारखा ठाऊक असतील, तर त्यातली दोन चुकीची असली तरी त्या ढिगाऱ्यातून जवळजवळ कुणालाही हुडकता येतं. आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या संकेतस्थळावर लोकांनी उघड दिलेल्या रेटिंग्जशी ताडून त्यांनी काही जणांना ओळखूनही काढलं. प्रकरण कोर्टात गेलं, सरकारी यंत्रणेने प्रश्न विचारले, आणि २०१० मध्ये नेटफ्लिक्सला आधी जाहीर केलेली दुसरी स्पर्धा गुंडाळावी लागली. तुम्ही यातून एवढंच घ्या, की डेटा कुणाला दाखवू नये. जमवू नये, असं कुठे कोण म्हणालंय?

सिनेमा बदलणं जमत नसेल तर यादीत दिसणारं त्याचं चित्र बदला. प्रेमकथा पाहणाऱ्याला त्याच सिनेमाचं जोडप्याचं चित्र, विनोदी पाहणाऱ्याला त्यातल्या विनोदी नटाचं. तो नट आत चार मिनिटंच दिसतो का, हे बघायची गरज नाही. मघाशीच ठरलंय ना, दोन मिनिटं पुरतात.

राहता राहिलं उद्योगाचं विश्लेषण, म्हणजे काय चालणार याचं भाकीत. इथे खरी मोजणी जपून करा. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाची खपाच्या अल्बमची यादी १९९१ पर्यंत दुकानदारांना विचारून बनायची. त्या वर्षीच्या मे महिन्यात बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजायला घेतली, आणि दुकानदारांच्या सांगण्यात मागे राहिलेलं कंट्री आणि रॅप संगीत झपाट्याने वर आलं. कितीतरी जाणकारांच्या आयुष्यभराच्या अंदाजाला तडे गेले. एवढा अनर्थ कशाला ओढवून घ्यायचा? तुम्ही भाकीत रुंद ठेवा, 'चार कोटी ते अठ्ठावीस कोटी' असं. खाली रंगीत आलेख जोडा. चुकलंच, तर मॉडेल शिकतंय म्हणा.

आणि कायदाही तुमच्या पाठीशी आहे. सिनेमांच्या तिकीटबारीवर वायदे बाजार, म्हणजे सिनेमा किती कमावेल यावर आधीच पैसे लावायचा व्यवहार, सुरू करायला २०१० मध्ये अमेरिकेतल्या नियामकाने परवानगी दिली होती. मोठ्या स्टुडिओंनी ओरड केली आणि काही महिन्यांतच तिथल्या संसदेने अशा वायद्यांवर बंदी घातली. तिथे नाव घेऊन अशी बंदी असलेला दुसरा माल एकच, कांदा, तोही १९५८ पासून. तेव्हा एखादा गुंतवणूकदार म्हणालाच, 'एवढी खात्री आहे तर स्वतःचे पैसे लावून दाखवा,' तर खेदाने मान हलवा, कायद्याकडे बोट दाखवा आणि पुढची स्लाइड लावा.