फौजदारी न्यायाची पदवी आणि खासगी विद्यापीठ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

खासगी विद्यापीठातून फौजदारी न्याय (पोलीस, न्यायालये आणि कारागृहे यांच्या कामाचा अभ्यास) या विषयाची पदवी घेण्याबद्दल मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. पोलिसाचे काम ठाण्यात आणि रस्त्यावरच शिकता येते, खासगी विद्यापीठे या विषयाच्या नावाखाली गणवेशाचे स्वप्न विकतात, आणि ज्याला न्यायव्यवस्थेत खरोखर काम करायचे आहे त्याने सरळ कायद्याची पदवी घ्यावी, असे आपले म्हणणे आहे. आपण स्वतः पोलीस सेवेतून निवृत्त झालेले आहात आणि आपली पुतणी याच अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याच्या विचारात आहे, हेही आपण लिहिले आहे. त्यामुळे दोन ओळींत आभार मानून विषय संपवणे मला प्रशस्त वाटले नाही.

गस्त कशी घालावी हे वर्गात शिकवता येत नाही, याबद्दल वाद नाही. मात्र गस्तीमुळे गुन्हे कमी होतात का, हा निराळा प्रश्न आहे, आणि जन्मभर गस्त घालूनही त्याचे उत्तर हाती लागेलच असे नाही. कारण बीटवर, म्हणजे गस्तीसाठी नेमून दिलेल्या भागात, फिरणाऱ्याला आपण फिरलो नसतो तर काय झाले असते हे कधीच दिसत नाही. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९७२-७३ मध्ये १५ बीटचे तीन गट करून एका गटातील नेहमीची गस्त बंद केली गेली, दुसऱ्यात ती होती तशी ठेवली गेली आणि तिसऱ्यात दुप्पट-तिप्पट वाढवली गेली. गुन्ह्यांच्या प्रमाणात किंवा नागरिकांच्या भीतीत म्हणावा असा फरक आढळला नाही. अनुभवी अधिकाऱ्यांना हा निष्कर्ष पटला नाही आणि त्यावर आक्षेपही पुष्कळ घेतले गेले. मी हीच पदवी घेत असताना ते आक्षेप तपासून पाहणे हाच आमच्या संशोधन पद्धतीच्या विषयातला सर्वांत उपयुक्त भाग होता.

याहून बोधक प्रयोग अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहराचा. कौटुंबिक मारहाणीच्या किरकोळ स्वरूपाच्या प्रकरणांत पोलिसांनी काय करावे, हे तिथे १९८१-८२ मध्ये पोलिसांच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. त्यांच्याजवळच्या अहवाल-वहीची पाने निरनिराळ्या रंगांची होती आणि वरचे पान ज्या रंगाचे निघेल त्यानुसार अटक करायची, संशयिताला आठ तासांसाठी घराबाहेर पाठवायचे किंवा समजूत घालायची, असे ठरलेले होते. अटक झालेल्यांनी पुन्हा मारहाण करण्याचे प्रमाण कमी आढळले. निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अनेक राज्यांनी अटकेला अनुकूल धोरणे स्वीकारली. नंतर इतर शहरांत असेच प्रयोग झाले, तेव्हा ओमाहा आणि शार्लट येथे अटकेचा तसा परिणाम दिसला नाही. मिल्वॉकीत तर बेरोजगार संशयितांच्या बाबतीत अटकेनंतर हिंसा वाढल्याचे दिसले. धोरणे तोवर रुळली होती. एका शहरातल्या निष्कर्षावर किती भार टाकावा, हे कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात शिकवले जात नाही, आणि माझ्या मते या पदवीचा खरा उपयोग तिथेच आहे.

आता खासगीपणाबद्दल. आपला संशय निराधार नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील दोन खासगी, नफ्यासाठी चालवल्या जाणाऱ्या संस्थांनी फौजदारी न्यायाच्या अभ्यासक्रमातून पोलीस किंवा प्रोबेशन अधिकारी (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारा अधिकारी) होता येईल असा विद्यार्थ्यांचा समज करून दिला, ही फसवणूक असल्याचा निर्णय तेथील न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. पोलीस अधिकाऱ्याच्या परवान्यासाठी लागणारी मान्यताच त्या अभ्यासक्रमाला नव्हती. ज्यांनी कर्ज काढून हे शिक्षण घेतले, त्यांना ते किती महागात पडले असेल याची कल्पना आपल्याला माझ्यापेक्षा अधिक असेल.

पण दोष केवळ मालकीचा असता तर निदान सरकारी संस्था तरी त्यातून सुटल्या असत्या. अमेरिकेत १९६७ च्या राष्ट्राध्यक्षीय आयोगाने सर्व पोलिसांना पदवी असावी हे अंतिम उद्दिष्ट मांडले, १९६८ च्या कायद्यानंतर पोलिसांच्या शिक्षणासाठी सरकारी पैशांचा ओघ सुरू झाला आणि सरकारी व खासगी महाविद्यालयांत या विषयाचे विभाग भराभर उघडले. दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन यांनी लिहिलेल्या अहवालाने त्यांतल्या बऱ्याच विभागांवर कोरडे ओढले : अभ्यासक्रम उथळ आणि प्रशिक्षणाच्या धर्तीचे, शिक्षक अर्धवेळ, आणि तेही बहुधा पोलीस खात्यातलेच. (मिनियापोलिसचा प्रयोग पुढे याच शर्मन यांनी केला.) म्हणजे आपण आज जी तक्रार करत आहात ती जुनी आहे, आणि गंमत अशी की तिचे मूळ वर्गात पोलीस नसण्यात नव्हते, पोलीसच फार असण्यात होते.

मी ज्या खासगी विद्यापीठात शिकलो तिथेही काही तासिका निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणींतच संपत. त्या ऐकायला मजा येई. परीक्षेला आणि पुढे कामाला त्यांतले फारसे काही आले नाही. उलट ज्या शिक्षिकेला विद्यार्थी टाळत, तिने आम्हाला न्यायालयात पाठवून प्रत्येक जामीन-सुनावणीची वेळ, वकील हजर होता की नाही आणि न्यायाधीशांनी आरोपीला थेट काही विचारले का, एवढेच तीन रकान्यांत टिपून आणायला सांगितले. तिसरा रकाना बहुतेक कोराच राहिला. आपण या यंत्रणेत वर्षानुवर्षे आरोपी हजर केले असतील. तो रकाना भरण्याचे काम मात्र आपल्याकडे कधी आले नसावे.

कायद्याच्या पदवीबद्दल फार लिहीत नाही. ज्याला वकिली करायची आहे त्याला तिच्याविना गत्यंतर नाही आणि फौजदारी न्यायाची पदवी तिची जागा घेऊ शकत नाही. कारागृह प्रशासन, प्रोबेशन, पीडितांना साहाय्य, गुन्हेविषयक माहितीचे विश्लेषण या कामांकडे ज्याचा ओढा आहे, त्याने मात्र कायद्याचाच आग्रह का धरावा, हे मला कळत नाही.

पुतणीच्या प्रवेशासंबंधी आपण शेवटी विचारले आहे. तिने पैसे भरण्यापूर्वी विद्यापीठाकडून लेखी उत्तरे मागावीत : ज्या नोकरीसाठी ती हे शिकू पाहते, तिच्या भरतीत ही पदवी ग्राह्य आहे का, तिथले श्रेयांक दुसरे विद्यापीठ स्वीकारते का, पूर्णवेळ शिक्षक किती आहेत, आणि संशोधन पद्धती व संख्याशास्त्र अनिवार्य आहेत की ऐच्छिक. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठाने काहीही दिले तरी भरती करणाऱ्या खात्याकडून ते पडताळून घ्यावे, आणि त्या कामी आपल्या जुन्या ओळखी तिच्या उपयोगी पडतील.