“आठ वर्षांत काही बिघडले नाही” : लॅपटॉपच्या सफाईबाबतच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

लॅपटॉपच्या घरगुती सफाईवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभारी आहे. इतर वाचकांसाठी आपले आक्षेप थोडक्यात सांगतो. काच पुसण्याचा स्प्रे थेट पडद्यावर मारून आपण आठ वर्षे लॅपटॉप पुसत आला आहात आणि काहीही बिघडलेले नाही, तेव्हा मी लोकांना विनाकारण घाबरवतो आहे, हा पहिला आक्षेप. एके ठिकाणी ७० टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी ९९ टक्के अल्कोहोल सांगून मी गोंधळ केला, हा दुसरा. मागचे झाकण उघडू नका असे सांगून मी वाचकाला दुरुस्तीच्या दुकानात पाठवतो, हा तिसरा. शेवटचे दोन आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहेत. पहिला मात्र मान्य नाही आणि त्याविषयीच अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते.

लॅपटॉपचा पडदा ही खिडकीची काच नव्हे. बहुतेक पडद्यांवर प्रकाशाचे प्रतिबिंब कमी करणारा अतिशय पातळ लेप असतो, आणि काच पुसण्याच्या अनेक द्रावणांत असलेला अमोनिया किंवा इतर तीव्र द्रव्ये तो लेप हळूहळू खातात. ही झीज एका दिवसात दिसत नाही. आधी कडेला फिकट डाग उमटतो, मग उजेड तिरपा पडला की ढगाळ चट्टे दिसू लागतात, आणि एकदा गेलेला लेप घरी परत बसवता येत नाही. आपला पडदा टिकला तो त्याच्या बनावटीमुळे किंवा आपल्या स्प्रेत अमोनिया नसल्यामुळे टिकला असेल. परंतु त्यावरून ज्याच्या पडद्याची जातच मला ठाऊक नाही अशा वाचकाला तोच स्प्रे वापरण्याचा सल्ला मी देऊ शकत नाही.

त्याहून मोठा धोका द्रावणात नसून ते थेट पडद्यावर मारण्यात आहे. पडद्यावर मारलेले थेंब ओघळून खालच्या चौकटीत उतरतात, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये पडद्याला संकेत पुरवणारी पट्टी व तिच्या जोडण्या नेमक्या त्याच खालच्या कडेला असतात. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की, ओलावा कापडाला द्यावा, यंत्राला देऊ नये. मायक्रोफायबरचे कापड किंचित दमट करावे, इतके की पिळले तर थेंबही पडू नये, आणि पुसून झाल्यावर लगेच कोरडे कापड फिरवावे.

हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो. दोन पावसाळ्यांपूर्वी मी माझ्या कीबोर्डवर द्रावण थेट फवारले आणि चांगले पुसून घेतले. त्या संध्याकाळी सर्व कळा नीट चालत होत्या, दुसऱ्या दिवशीही चालत होत्या. चौथ्या दिवशी एका ओळीतील कळा आपोआप उमटू लागल्या. झाकण उघडले तेव्हा कीबोर्डच्या जोडणीपाशी हिरवट थर आढळला. यंत्र बंद केले तरी बॅटरी आत जोडलेलीच असते आणि मदरबोर्डच्या काही भागांत थोडा विद्युतदाब कायम राहतो. तेथे क्षार असलेला ओलावा पोहोचला की तांब्याच्या रेषांवर विद्युत-अपघटन, म्हणजे विजेमुळे धातू झिजण्याची क्रिया, सुरू होते आणि ते दिवसेंदिवस चालू राहते. कोकणात व मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की आत शिरलेले पाणी लवकर सुकत नाही. “त्या दिवशी काही झाले नाही” हा पुरावा मी ग्राह्य धरत नाही, तो या अनुभवामुळे.

पाण्याविषयी एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली होती. बोअरवेलच्या जड पाण्याने पुसले तर सुकल्यावर पांढुरके डाग राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी स्वस्त असते आणि ते या कामाला उत्तम. मात्र विकत घेताना ते पाणीच आहे, बॅटरीचे आम्ल नव्हे, हे बाटलीवर वाचून खात्री करावी.

आता अल्कोहोल. येथे चूक माझी आहे, कारण दोन्ही आकडे दिले आणि कारण दिले नाही. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये उरलेला भाग मुख्यतः पाण्याचा असतो. त्या पाण्यामुळे ते सावकाश उडते आणि जंतूंवर अधिक परिणामकारक ठरते, म्हणून ते कळा, टचपॅड व बाहेरच्या कवचासाठी योग्य. ९९ टक्के अल्कोहोल झटकन उडते आणि मागे जवळजवळ काहीच ठेवत नाही, म्हणून ते आतल्या जोडण्या किंवा प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप) पुसण्यासाठी योग्य. हातांचे सॅनिटायझर या दोन्ही कामांना चालत नाही, कारण त्यातील ग्लिसरीन आणि जेल चिकट थर मागे ठेवतात. नेलपॉलिश काढण्याच्या ॲसिटोनने तर प्लास्टिकच विरघळते.

झाकण उघडण्याबाबत मी अतिसावध लिहिले, हे मान्य करतो. डेल, एचपी आणि लेनोवो यांच्या संकेतस्थळांवर अनेक मॉडेलांच्या दुरुस्ती-पुस्तिका सर्वांसाठी खुल्या आहेत. कोणता स्क्रू कोठे आहे आणि बॅटरीची जोडणी कशी सोडवायची, हे त्यांत चित्रांसह असते. वॉरंटी संपलेली असेल, योग्य स्क्रूड्रायव्हर असेल आणि घाई नसेल, तर पंख्याजवळची धूळ घरी काढता येते. झाकण निघताच सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. पंखा आणि त्यामागच्या धातूच्या पात्या यांच्यामध्ये धुळीची नमद्यासारखी घट्ट पट्टी साचते, तिच्यामुळेच लॅपटॉप तापतो आणि मंदावतो. ती मऊ ब्रशने किंवा चिमट्याने अलगद उचलावी. हवा मारायचीच असेल तर पंख्याचे पाते बोटाने किंवा काडीने धरून ठेवावे, नाहीतर तो मर्यादेबाहेर फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. दाबाखालच्या हवेचा फवारणीचा डबा वापरत असाल तर तो उभाच धरावा, तिरपा झाला की आतला द्रवरूप वायू बाहेर येतो. दुकानात मोठ्या ब्लोअरने झाकण न उघडताच हवा मारतात, तेव्हा पंखा मोकाट फिरतो आणि पुष्कळशी धूळ आतच इकडून तिकडे सरकते; त्याचे पैसे देणे आपल्याला पटत नाही, यात आपण चुकीचे नाही.

घरचा व्हॅक्यूम क्लीनर मात्र आत लावू नये, हे माझे मत कायम आहे. धूळ नळीतून वेगाने जाताना प्लास्टिकच्या तोंडावर स्थिर विद्युत साचते. माणसाला तिचा झटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात, तर काही नाजूक घटक १०० व्होल्टच्या आतच निकामी होऊ शकतात, म्हणजे इजा झाल्याचे आपल्याला कळणारही नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात हा धोका अधिक.

शेवटी आपण विचारले आहे की, सहा वर्षांचा आपला दुसरा लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही आणि टचपॅडची कळ दबत नाही, तर खाली कचरा अडकला आहे म्हणून तो उघडून साफ करावा काय. कृपया उघडू नये. ही लक्षणे बॅटरी फुगल्याची असू शकतात, आणि फुगलेली लिथियम बॅटरी दाबली किंवा तिला स्क्रूड्रायव्हरचे टोक लागले तर ती पेट घेऊ शकते. यंत्र बंद करावे, चार्जर काढून ठेवावा, अंथरुणापासून आणि खिडकीच्या पडद्यांपासून दूर, फरशीवर ठेवावे आणि उद्याच जाणकार तंत्रज्ञाला दाखवावे. काय निघाले ते मला अवश्य कळवावे.