खाटेशेजारच्या बेलचे शिष्टाचार

कोकणातल्या एखाद्या खासगी रुग्णालयात आपण दाखल झाला असाल, तर उशाशी लोंबणाऱ्या लाल बटणाकडे प्रथम आदराने पाहावे आणि अगदीच इलाज नसेल तरच ते दाबावे. दाबल्यावर दारावरचा दिवा लागतो, सिस्टरांच्या टेबलावरील फलकावर खाटेचा क्रमांक उमटतो आणि टुणटुण सुरू होते, असे बेल बसवणारा सांगून गेला आहे. तो खोटे बोलला नाही. त्या दिवशी वीज होती आणि बटणातल्या पट्ट्यांवर खाऱ्या हवेचा गंज अजून चढायचा होता.

१८५३ साली लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील रुग्णालय हाती घेताना फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी असा आग्रह धरला होता, की घंटा वाजताच तिची झडप उघडावी आणि उघडीच राहावी, म्हणजे कोणी बोलावले ते परिचारिकेला कळेल. त्याच धोरणाने आजही चांगल्या यंत्रणेत हाक रद्द करण्याचे बटण खाटेपाशी ठेवतात. रुग्णापर्यंत गेल्याशिवाय दिवा विझू नये, हा हेतू. माझे वडील दाखल होते तेथे ही पायपीट वाचवून टेबलावरच आवाज बंद करण्याची सोय केली होती. बाई फारच जुन्या काळातल्या, दुसरे काय!

सिस्टरांवर मात्र रागावू नये. रात्री दोन मजल्यांना मिळून त्या एकट्याच असतात. बेलचे पैसे एकदाच मोजावे लागतात आणि सिस्टरांचा पगार दर महिन्याला, हा हिशेब मालकांनी आपल्यासाठी आधीच करून ठेवलेला आहे. त्या येईपर्यंत मनातल्या मनात गाऱ्हाणे घालावे. शेजारच्या खाटेवरून ‘व्हय महाराजा’ म्हणायला कोणीतरी जागे असतेच.

संडासातली लाल दोरी जमिनीलगत पोहोचेल इतकी लांब असते, कारण घसरून पडलेल्याच्या हाताला ती लागली पाहिजे. आमच्या वेळी लादी पुसताना ती भिजते म्हणून मावशींनी खिडकीच्या गजाला उंच गाठ मारून ठेवली होती. तेव्हा आपण पडण्यापूर्वी ती गाठ सोडून घ्यावी, किंवा उभ्यानेच पडण्याचा सराव करावा.

खरी भरवशाची यंत्रणा खाटेखाली चटईवर झोपते. तिला वीज लागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस अंधार होता, त्या अंधारातही पुतण्याला हाक मारली तर ती त्याला ऐकू गेली असती. सलाईनची बाटली संपत आली की तोच धावतो, सिस्टरांना शोधतो आणि वर ‘नातेवाइकांनी गर्दी करू नये’ अशी पाटीही वाचून येतो. म्हणून आजारपण शक्यतो गणपतीत काढावे, चाकरमानी घरी असतात. विसर्जनानंतर परतीची गाडी चुकवायला सहसा कोणी तयार नसते. डिस्चार्ज त्याआधीच मागून घ्यावा.