अंगठ्याची उलटतपासणी

अमेरिकेतील अनेक महामार्गांच्या कडेला ‘येथे वेगमर्यादेची अंमलबजावणी विमानातून केली जाते’ अशा अर्थाच्या पाट्या असतात. मोठी माणसे बागुलबुवाकडे ज्या नजरेने पाहतात, त्याच नजरेने मी या पाट्यांकडे पाहत आलो होतो. खर्च कमी करा म्हणून सतत ओरडणारे सरकार माझ्या जुन्या गाडीमागे विमान उडवील, हे माझ्या मध्यमवर्गीय मनाला पटणारेच नव्हते.

म्हणूनच वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल मिळालेल्या दंडाच्या तिकिटावर वेग मोजण्याच्या पद्धतीपुढे ‘विमान’ असे लिहिलेले पाहिल्यावर रागाआधी मला किंचित मोठेपणा वाटला. मला थांबवणाऱ्या पोलिसाने माझा वेग मोजलेलाच नव्हता. वरून रेडिओवर संदेश आला आणि त्याने दिवे लावले, एवढाच त्याचा या प्रकरणाशी संबंध होता. कंसाला निदान आकाशवाणी स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळाली होती. माझ्या बाबतीत ती परस्पर पोलिसाच्या गाडीत झाली.

मोजणीची रीत मात्र शाळेच्या अंकगणिताएवढी साधी निघाली. रस्त्यावर ठरावीक अंतरावर पांढरे जाड पट्टे रंगवलेले असतात. वर घिरट्या घालणाऱ्या लहानशा विमानातील पोलीस निरीक्षक गाडीने पहिला पट्टा ओलांडताच स्टॉपवॉच सुरू करतो, दुसरा ओलांडताच बंद करतो आणि अंतराला वेळेने भागतो. माझ्या प्रकरणातील पट्ट्यांमध्ये पाव मैलाचे, म्हणजे 1320 फुटांचे अंतर होते. ते मी 12 सेकंदांत कापले, म्हणजे सेकंदाला 110 फूट, म्हणजेच ताशी 75 मैल. मर्यादा 65 ची होती. हे भागाकार मी स्वयंपाकघरातील टेबलावर इतक्या वेळा केले की घरातल्यांनी त्या टेबलावर जेवायला बसणे सोडून दिले.

पण त्याच टेबलावर मला बचावही सापडला. सारा खटला माझ्या वेगाचा नसून एका अनोळखी माणसाच्या अंगठ्याचा होता! बटण दाबण्यात अर्ध्या सेकंदाची गफलत झाली, तर ताशी तीन मैलांचा फरक पडतो. अंतर पूर्ण मैलाचे असते तर त्याच गफलतीने मैलभराचाही फरक पडला नसता. पाव मैलात मात्र अंगठ्याला फार अधिकार मिळतो. शिवाय कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचे कलम 40802 असे मोजून आखलेले अंतर आणि घड्याळ यांच्या जोडीला सरळ ‘स्पीड ट्रॅप’, म्हणजे वेग पकडण्याचा बेकायदा सापळा, ठरवते, हेही मी वाचून काढले. मी कॅलिफोर्नियात नव्हतो, ही त्यातली एकमेव अडचण होती.

दुसरा मुद्दा साक्षीदारांचा. वरच्याने गाडीचे छप्पर पाहिले, पण माझा चेहरा पाहिला नाही. खालच्याने चेहरा पाहिला, पण वेग पाहिला नाही. खालचा एकटाच आला, तर त्याने सांगितलेला वेग हा ऐकीव पुरावा ठरतो, असा युक्तिवाद करता येतो. त्यात माझी गाडी चंदेरी सेडान, आणि चंदेरी सेडान ही गाडी नसून महामार्गाचा नैसर्गिक गुणधर्म आहे. मी स्टॉपवॉचच्या तपासणीचा दाखला आणि पट्ट्यांमधील अंतराच्या मोजणीची नोंदही मागवली. सरकारकडे कागद मागितला की तो मिळत नाही, या जन्मजात श्रद्धेवर माझी निम्मी भिस्त होती. दोन्ही कागद तत्परतेने आले आणि दोन्ही निर्दोष होते.

सुनावणीला दोघेही साक्षीदार हजर होते. विमानातील निरीक्षक हा कडक शिस्तीचा कोणी असेल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो अतिशय सौम्य आवाजात बोलणारा आणि माझ्या प्रत्येक प्रश्नावर ‘चांगला प्रश्न आहे’ असे म्हणणारा गृहस्थ निघाला, आणि उलटतपासणी घेणाऱ्याचे अवसान घालवायला तेवढे पुरते. बटण दाबायला उशीर होत असेल तर तो दोन्ही पट्ट्यांपाशी सारखाच होतो आणि वजाबाकीत निघून जातो, असे त्याने सांगितले. गाडी थांबेपर्यंत आपण तिच्यावरची नजर काढलीच नव्हती, असेही तो म्हणाला.

तरीही मी अर्धा सेकंद सोडला नाही. आकडेमोडीचा कागद न्यायाधीशबाईंपुढे ठेवून मी तो मुद्दा बराच वेळ, आणि माझ्या मते प्रभावीपणे, मांडला. त्यांनी कागद नीट वाचला.

“म्हणजे आपल्या म्हणण्यानुसार ही वेळ साडेबारा सेकंदही असू शकेल?”

“होय,” मी उत्साहाने म्हणालो.

“मग आपला वेग ताशी 72 मैल होतो. हे आपणच इथे लिहिले आहे.”

निरीक्षकानेही मान डोलावली. गणित बरोबर असल्याची त्याची साक्ष मी न मागता मिळाली. बाईंनी शंकेचा फायदा मला दिला आणि 75 ऐवजी 72 धरून दंड खालच्या टप्प्यात आणला. मात्र कोर्टखर्चाला टप्पे नसतात, आणि तो दंडापेक्षा जास्त होता. खिडकीपाशी गेल्यावर कार्डाने पैसे भरल्यास वेगळे शुल्क पडेल, असे तेथील कारकुनाने सांगितले. ते शुल्क टक्केवारीने काढले होते. मी तिथेच उभा राहून ते पुन्हा मोजले. त्यातही चूक नव्हती.