आधी नाले मोजा, मग किलोमीटर

माझ्या भाच्यानं परवा व्हॉट्सअॅपवर एक तक्ता पाठवला. १७ सप्टेंबरची, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी धरून चार दिवस अजिंठ्याच्या डोंगररांगेतून पायी जायचं. अंतूर, सुतोंडा, वेताळवाडी, जंजाळा हे किल्ले, मग घटोत्कच लेणी आणि शेवटी अजिंठा लेणी. रोजचे किलोमीटर, चढ-उतार, मुक्कामाला पोहोचायची वेळ, सगळं नीट मांडलेलं. खाली एक ओळ, "मावशी, बघून सांग, काही राहिलंय का?"

राहिलं होतं. तक्त्यात एकही नाला नव्हता.

फोनवर त्याला जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहिते, कारण असे तक्ते दर पावसाळ्यात माझ्याकडं येतात आणि प्रत्येकात हीच गोष्ट नसते. पोरं आपल्या भागात फिरायला निघतात याचा मला मनापासून आनंद आहे. नाहीतर पाऊस लागला की गाड्या भरून लोक नाशिककडं, भंडारदऱ्याकडं पळतात आणि वर म्हणतात, मराठवाड्यात आहे काय बघायला? कन्नडपासून अजिंठ्यापर्यंत चालून बघा, मग बोला. पण चालायचं तर ही रांग कशी आहे ते आधी समजून घ्या.

ही रांग एका अंगानं उतरती आणि दुसऱ्या अंगानं तुटलेली आहे. दक्षिणेकडं पठार हळूहळू उतरत जातं. शिवना आणि आपली जालना-परभणीची पूर्णा इथूनच निघून गोदावरीकडं जातात. उत्तरेकडं कडा तुटतो आणि पाणी धाडकन खाली तापीच्या खोऱ्यात उतरतं. सोयगाव तालुका मराठवाड्यातला, पण घाटाखालचा. त्याचं पाणी तापीचं. खाली काळा कातळ, वर वीतभर माती. पाण्याला मुरायला जागाच नाही. पठारावर तासभर जोराचा पाऊस झाला की खालच्या नाल्याला लोंढा येतो, आणि तो येतो तेव्हा खाली लख्ख ऊन पडलेलं असू शकतं. ३१ ऑगस्ट २०२१ आठवा. कन्नडच्या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला आणि खाली चाळीसगावात तितूर नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. घाटमाथा आणि पायथा यांचं नातं असं आहे.

मला हे नकाशावरून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण याच रांगेत, घाटाखालून चाललो होतो. दुसरा दिवस. सकाळपासून उघडीप होती, कपडे अंगावरच वाळले होते. दुपारी मुक्कामाच्या गावाअलीकडं शेवटचा नाला लागला. पाणी पोटरीएवढं, रुंदी एखाद्या गल्लीएवढी. आमच्यातला एक जण बूट काढायला खाली बसला. तेवढ्यात पलीकडून शेळ्या घेऊन आलेले एक आजोबा ओरडले, "थांबा! कुठं जायलात? पाणी तांबडं झालंय, पाला येतोय. चढायलंय ते!"

आम्हाला तर काहीच चढताना दिसत नव्हतं. त्यांनी हातातली काठी उंच धरून दाखवली आणि पाण्याच्या कडेला रोवा म्हणून खूण केली. मी बाभळीची एक वाळकी फांदी पाण्याच्या अगदी कडेला, चिखलात रोवली. आधी फांदीभोवती फेस जमला. मग काटक्या आणि सागाची पानं येऊन अडकली. मग ती थरथरायला लागली. दहा मिनिटं झाली नसतील, फांदी दिसेनाशी झाली आणि नाल्याच्या तळातून दगडावर दगड आपटल्याचा आवाज यायला लागला. घरात जात्याची घरघर ऐकू यावी तसा, पण पायाखालून. बूट काढून बसलेला आमचा मित्र कितीतरी वेळ काही बोलला नाही.

पाणी अंधार पडताना उतरलं. आजोबा पलीकडं शेळ्यांसह तोवर थांबले होते, आणि त्यांनीच आम्हाला वरच्या अंगाला, पात्र पसरट होतं तिथून पार करून नेलं. त्यांना थांबायची काही गरज नव्हती.

तेव्हापासून मी नियोजन नाल्यांपासून सुरू करते. नकाशावर आधी आडवे येणारे सगळे नाले खुणावायचे. प्रत्येकाचं पाणी कुठल्या पठारावरून येतं, पूल किंवा फरशी कुठं आहे, नाही ओलांडता आला तर अलीकडं रात्र काढायला गाव कोणतं, हे लिहायचं. मग वाट ठरवायची. असं केलं की एक गोष्ट लगेच दिसते. कड्याच्या पायथ्यानं गेलात तर प्रत्येक दरीचा नाला भरून तुमच्या आडवा येणार. काठाकाठानं पठारावरून गेलात तर तेच नाले उगमाजवळ बारके भेटतात, एका ढांगेत पार होतात. सुतोंड्यासाठी खाली उतरावंच लागतं, म्हणून तो दिवस सगळ्यात हलका ठेवायचा आणि उतरण्याआधी वरच्या गावात विचारायचं. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असलं तर पाय घालायचा नाही. कमरेला दोर बांधून उतरणं तर अजिबात नको. पाय घसरला की तोच दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

आणि मोकळा दिवस. भाच्याच्या चार दिवसांत चारही दिवस चालायचं होतं. मी म्हणते, तीन दिवस चाला आणि सुट्टी पाच दिवसांची काढा. झड लागली तर बसून राहायला दिवस हवा, नाहीतर सोमवारी ऑफिस गाठायच्या नादात माणूस नको त्या पाण्यात उतरतो. अजिंठ्याला जाल तेव्हा वाघूरच्या पात्रात उभं राहून वर बघा. लेणी नदीच्या किती वर, कड्याच्या मधोमध कोरली आहेत! ज्या भिक्षूंचं आयुष्य गावोगाव चालण्यात जायचं, ते पावसाळ्यात एका जागी थांबत. वर्षावास म्हणतात तो हाच. जैन साधू-साध्वी चातुर्मासात अजूनही थांबतात. ज्यांना चालायची सगळ्यात जास्त सवय, त्यांनीच पावसात थांबायचा नियम केला, हे मला फार मोलाचं वाटतं. आपण तर हौसेनं निघालेले लोक. एक दिवस थांबायला काय हरकत आहे? (शेवटचा दिवस सोमवार येऊ देऊ नका, अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात.)

पावसाचा अंदाज बघताना जिल्ह्याच्या सरासरीवर जाऊ नका. आपल्याकडं शेजारच्या शिवारात ढगफुटीसारखा पाऊस आणि आपल्या रानात धूळ, हे दरवर्षीचं आहे. चोवीस तासांत महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, ६५ मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी, हा आकडा पंचनाम्यांमुळं मराठवाड्यात लहान लेकरांनाही पाठ झालाय. तोच आकडा इथं कामाला येतो. कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. निघायच्या आधीचे आठ दिवस वरच्या मंडळांचा पाऊस बघत राहा. जमीन आधीच भरलेली असेल तर थोडक्या पावसानंही नाले फुगतात.

सप्टेंबरात दुपारनंतर विजा. उघड्या पठारावर आपणच सगळ्यात उंच असतो आणि आडोशाला असतं एकच झाड, ज्याच्याखाली जायचं नसतं. उजाडताच निघा, दोनच्या आत पठार सोडा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप फोनमध्ये ठेवा, पण दरीत रेंज नसते हे धरून चाला.

सामानाचं थोडक्यात. पाठपिशवीच्या आत खताच्या गोणीतली जाड प्लास्टिकची पिशवी धुऊन घाला, महागड्या कव्हरपेक्षा ती जास्त कोरडं ठेवते. कपड्यांचा एक जोड फक्त रात्रीचा. सकाळी कितीही जिवावर आलं तरी ओलेच कपडे घालून निघायचं, कोरड्याला हात लावायचा नाही. माझ्या बरोबरच्या मुलींना हे दोनदा सांगते, कारण अंगावर ओलं राहून होणारा त्रास त्यांना जास्त होतो आणि त्या बोलत नाहीत. भाकरीला दमट हवेत दुसऱ्या दिवशी वास येतो. धपाटे टिकतात, बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, फुटाणे. दगडाच्या सांदीत हात घालू नका, फुरसं असतं. कन्नड, सिल्लोड, सोयगावच्या सरकारी दवाखान्यांत सर्पदंशाची लस आहे का, हे निघायच्या आधी फोन करून विचारा.

गौताळा अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाला विचारल्याशिवाय तंबू ठोकू नका. २०२१ च्या मार्चमध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ चालत चालत गौताळ्यात आला होता. ते जनावरांचं घर आहे. मुक्काम गावात करा, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओट्यावर, मारुतीच्या देवळात, तेही विचारून. जेवण मागाल त्याचे पैसे द्या, वाट दाखवायला येणाऱ्याचा दिवसाचा रोज द्या. तो नको म्हणेल, तरी द्या. खरिपाचं पीक उभं असतं तेव्हाच आपण जातो. मक्यातून, कपाशीतून वाट पाडू नका, बांधानं जा. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत मराठवाड्यानं काय सोसलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ज्या पावसात आपण फिरायला जातो, त्याच पावसाकडं डोळे लावून ती माणसं बसलेली असतात.

काल रात्री भाच्याचा नवा तक्ता आला. अंतूरच्या वाटेवर फारशी लेखाचा एक जुना दगडी खांब आहे, कुठली वाट कुठं जाते ते सांगणारा. त्याचा फोटो त्यानं वर लावलाय. खाली अकरा निळे ठिपके. नऊ नाल्यांसमोर अलीकडचं गाव लिहिलंय. दोन नाल्यांसमोर प्रश्नचिन्ह आहे, नकाशात त्यांना नावच नाही. रविवारी आम्ही दोघं मोटारसायकलवर तिकडं जाऊन विचारून येणार आहोत.