10 पेक्षा कमी कामगार असले तरी तक्रार करता येते

काजू कारखाने, आंबा कॅनिंग आणि मालवण-दापोलीकडच्या होमस्टेमध्ये काम करणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘10 पेक्षा कमी माणसं असतील तर लैंगिक छळाचा कायदा लागू नाही.’ हे चुकीचं आहे.

2013 च्या कायद्यातला 10 चा आकडा फक्त अंतर्गत समितीसाठी, म्हणजे मालकाने कामाच्या ठिकाणीच नेमायच्या तक्रार समितीसाठी आहे. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, ती जिल्ह्याची स्थानिक समिती घेते. रोजंदारीवरच्या, हंगामी, कंत्राटी, सगळ्यांची. त्यासाठी जिल्ह्याचं ठिकाण, म्हणजे ओरोस किंवा रत्नागिरी, गाठायलाच हवं असंही नाही. तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे (या तक्रारी घ्यायला नेमलेला अधिकारी) अर्ज दिला की त्याने तो 7 दिवसांत समितीकडे पाठवायचा असतो.

मुदत मात्र सांभाळा: घटनेपासून 3 महिने, प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण असल्यास समिती आणखी 3 महिने देऊ शकते. ‘हंगाम संपल्यावर बघू’ म्हणताना नेमकी हीच मुदत निघून जाते. अर्जाच्या 6 प्रती, तारखा, साक्षीदारांची नावं-पत्ते द्या. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.